कार्ड न घालता एटीएममधून पैसे: दादर-परळच्या मशीनांवर वापरलेली यूपीआय रोख सेवा

एटीएममध्ये कार्ड न घालता, पडद्यावरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करून पैसे काढायची सोय आता मुंबईत बऱ्याच मशीनांवर आली आहे. आपल्या कार्डाची नक्कल होईल, पिन कुणी टिपेल अशी धास्ती ज्यांना वाटते, त्यांनी ही सोय वापरायला लागावं असं माझं स्पष्ट मत आहे. घरखर्चाची बहुतेक रोकड मी आता अशीच काढते. उणिवा आहेत, त्या पुढे लिहिते. पण मूळ काम ही सेवा चोख करते. कार्ड मशीनच्या तोंडात जातच नाही, त्यामुळे त्या तोंडावर कुणी काय बसवून ठेवलंय याची काळजी उरत नाही.

मी दादर पश्चिमेला, गोखले रोडच्या मागे राहते. सासूबाई अंथरुणावर आहेत. दिवसा एक मावशी येतात, रात्री दुसऱ्या. दिवसाच्या मावशींचा पगार मोबाईलवरून जातो. रात्रीच्या मावशींना रोखच हवी असते, कारण त्यांचं खातं गावच्या बँकेत आहे आणि त्याचं कार्ड नवऱ्याच्या खिशात. रात्र रात्र जागून मिळवलेले पैसे त्यांच्याच हातात पडावेत म्हणून मी रोख काढते. शिवाय ड्रेसिंगला घरी येणाऱ्या सिस्टर, ऑक्सिजनचा सिलिंडर वर चढवणारी मुलं, मंडळाची वर्गणी हे आहेच. रोख आता लागतच नाही असं म्हणणाऱ्यांच्या घरात बहुधा आजारी माणूस नसतं.

आधी ही सेवा चालते कशी ते सांगते. मशीनसमोर उभं राहिलं की पडद्यावर ‘यूपीआय कॅश’ किंवा ‘कार्डलेस कॅश’ असा पर्याय दिसतो. काही मशीनांवर तो पहिल्याच पडद्यावर असतो, काहींवर एखादं बटण दाबून मशीन जागं करावं लागतं. तो निवडायचा, रक्कम टाकायची, की क्यूआर उमटतो. मग मोबाईलवर यूपीआय ॲप उघडायचं, मी भीम वापरते. कोड स्कॅन करायचा, रक्कम आणि खातं बरोबर आहे ना ते पाहायचं आणि यूपीआय पिन टाकायचा. व्यवहार मंजूर झाल्याचं मोबाईलवर दिसतं, मशीन थोडा वेळ ‘प्रतीक्षा करा’ म्हणतं आणि मग आत नोटा मोजल्याची खडखड सुरू होते. ती खडखड ऐकू येईपर्यंत पहिल्या वेळी जीव टांगणीला लागतो, कारण मोबाईलवर पैसे गेल्याचं आधी दिसतं आणि हातात नंतर येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून सवय होते. मी जाते त्या मशीनांवर एका वेळी १०,००० रुपयांच्या वर जाता येत नाही.

कार्डाशिवाय पैसे काढायची सोय काही बँकांनी आधीही दिली होती, पण ती ज्या बँकेचं खातं त्याच बँकेच्या मशीनवर चालायची. स्टेट बँकेची योनो कॅश २०१९ पासून आहे. कुठल्याही बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या मशीनवर यूपीआयने पैसे काढता यावेत, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलं आणि मे महिन्यात परिपत्रक काढलं. स्कॅन करून पैसे देणारं यूपीआय एटीएम सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्याच ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये लोकांसमोर आलं.

याचे वेगळे पैसे लागतात का, असं मला शेजारी हमखास विचारतात. वेगळे लागत नाहीत, पण फुकटच्या मोजणीत हाही व्यवहार धरला जातो. आपल्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबईसारख्या महानगरात तीन. त्यापुढे १ मे २०२५ पासून बँक व्यवहारामागे २३ रुपयांपर्यंत आकारू शकते, वर कर. १०,००० च्या मर्यादेमुळे मोठी रक्कम दोन-तीन हप्त्यांत काढावी लागते आणि मोफत व्यवहार पटकन संपतात. म्हणून मोठी रक्कम शक्यतो आपल्याच बँकेच्या मशीनवर काढावी.

आता ज्यासाठी हा खटाटोप करायचा त्याकडे येते. कार्डाच्या मागे जी काळी पट्टी असते तिच्यावर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि तपासणीचा एक छोटा आकडा नोंदलेला असतो. ही नोंद कधी बदलत नाही. पाटीवर खडूने लिहून ठेवल्यासारखी ती असते, ज्याच्याकडे वाचायचं यंत्र आहे त्याने वाचावी आणि उतरवून घ्यावी. स्कीमर म्हणजे हेच चोरून वाचणारं यंत्र. मशीनच्या कार्ड घालायच्या फटीवर हुबेहूब तसंच दिसणारं खोटं तोंड बसवतात, किंवा पातळ यंत्र फटीच्या आतच सरकवतात. कार्ड आत जाताना आधी चोराच्या यंत्रातून जातं आणि मग बँकेच्या. आपले पैसे नेहमीसारखे निघतात, पावती येते, आपण घरी जातो. पट्टीची नोंद तेवढी मागे राहिलेली असते. ती कोऱ्या कार्डावर चढवली की झालं क्लोन कार्ड.

पण नुसत्या कार्डाने एटीएममधून पैसे निघत नाहीत, पिन लागतो. तो टिपायला टाचणीच्या डोक्याएवढा कॅमेरा कीपॅडच्या वरच्या पट्टीत किंवा छतात लपवतात. कधी खऱ्या कीपॅडवर खोटा पातळ कीपॅड चिकटवतात. ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका एटीएममध्ये, आग लागली तर धूर ओळखतं तसल्या यंत्रासारखी दिसणारी डबी सापडली होती, तिच्यात कॅमेरा होता. ती बातमी मुंबईकरांनी विसरू नये, कारण त्या कार्डांवरचे पैसे निघाले मुंबईतल्या एटीएममधून आणि टोळीतला रोमानियाचा माणूस पकडला गेला तोही मुंबईतच. कार्ड एका शहरात वाचायचं आणि पैसे दुसऱ्याच शहरात काढायचे, अशी ही पद्धत.

आमच्या घरात हे घडलं २०१८ च्या पावसाळ्यात, माझ्या दिरांच्या बाबतीत. ते भांडुपला राहतात. त्यांच्याकडे तेव्हा जुनं, नुसत्या पट्टीचं कार्ड होतं. रात्री पावणेबाराच्या सुमाराला मोबाईलवर मेसेज आला, उत्तरेकडच्या एका शहरातल्या एटीएममधून पैसे निघाल्याचा. कार्ड समोर टेबलावर पाकिटात. बँकेचा फोन लागेपर्यंत बारा वाजून गेले आणि दुसरा मेसेज आला, तेवढ्याच रकमेचा. ही वेळ चोरांनी मुद्दाम साधलेली असते. पैसे काढायची दिवसाची मर्यादा रात्री बाराला नव्याने सुरू होते, म्हणून बाराच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा काढतात.

दुसऱ्या दिवशी ते शाखेत गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, “पिन कुणाला सांगितला होता का?” दीर शांत माणूस, पण त्या प्रश्नाने फार दुखावले. घरी आल्यावर म्हणाले, “वहिनी, पैसे माझे गेले आणि उत्तरंही मीच द्यायची.” आम्ही दोघांनी बसून रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचून काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, मधल्याच व्यवस्थेत गफलत झाली असेल आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर ग्राहकावर एका रुपयाचाही बोजा पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत झळ सोसावी लागते, साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. आणि कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने तेवढी रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची.

दिरांनी हे सगळं अर्जात परिच्छेदांसकट लिहिलं, पोलीस ठाण्यात कार्ड दाखवून तक्रार नोंदवली, तिची प्रत जोडली आणि शाखेकडून शिक्क्याची पोच घेतली. पैसे परत मिळाले. पोच घेतली नसती तर तारखेचा वाद झाला असता, असं मला ठामपणे वाटतं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी आधी बँकेला कळवून कार्ड बंद करावं, लगोलग १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. नुसत्या फोनवर थांबू नये, लेखी द्यावं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याचे पैसे पडत नाहीत.

त्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातली मोठी रक्कम क्लोन कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली होती. त्या वर्षी आमच्या इमारतीतले आजोबा-आजी पुन्हा चेकने पैसे काढायला बँकेत रांगा लावू लागले होते.

त्यानंतर बरंच सुधारलं, हेही तेवढ्याच मोकळेपणाने सांगायला हवं. ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत पट्टीवाली कार्डं बदलून चिपवाली द्यावीत असा आदेश होता. मशीनवर स्कीमर बसू न देणारी यंत्रणा लावण्यासाठी बँकांना मार्च २०१९ पर्यंतची मुदत होती. चिप ही पट्टीसारखी मुकी नसते. प्रत्येक व्यवहाराला ती नवीन सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे एका व्यवहाराची नोंद चोरून दुसरा व्यवहार करता येत नाही. चिपची नक्कल करून कार्ड बनवणं आज तरी चोरांच्या आवाक्यात नाही.

मग भीती कशाची? एक तर चिपवाल्या कार्डाच्या मागेही पट्टी अजून आहेच. मास्टरकार्डने आपल्या कार्डांवरून ती पूर्ण काढायला २०३३ साल धरलं आहे. जिथे चिप तपासली जात नाही अशा परदेशातल्या मशीनवर पट्टीची नक्कल अजून उपयोगी पडू शकते. दुसरं म्हणजे पिन टिपून कार्डच लंपास करायचे प्रकार. आणि मुंबईत माझ्या मते सगळ्यात जास्त सावध राहावं ते यातल्याच एका प्रकारापासून, ‘मदत करतो’ म्हणून कार्डाची अदलाबदल करणाऱ्यांपासून.

परळला टाटा हॉस्पिटल आणि केईएमच्या आसपासच्या एटीएममध्ये मी हे नेहमी पाहते. सासूबाईंच्या औषधांसाठी तिकडे जाणं होतं. बाहेरगावाहून आलेले नातेवाईक, रात्रीचं जागरण, हातात फाइल, आणि मशीनच्या पडद्यावर भराभर बदलणारी अक्षरं. एकदा जालन्याकडचे एक काका माझ्या पुढे होते. मागे वळून म्हणाले, “ताई, जरा बघता का, पैसे निघेनात,” आणि कार्ड माझ्या हातात देऊन चारही आकडे मोठ्याने सांगून मोकळे झाले. खोलीत आणखी दोन माणसं उभी होती. मी कार्ड त्यांच्या हातात परत दिलं, त्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं आणि काकांना स्वतःच बटणं दाबायला लावली. गडबड एवढीच होती की ते बचत खात्याऐवजी चालू खातं निवडत होते. पैसे निघाल्यावर त्याच मशीनवर त्यांना पिन बदलायला लावला. नवीन पिन टाकताना मी पाठ करून उभी राहिले, तर काका म्हणाले, “तुमच्यापासून काय लपवायचं?” असा सरळ माणूस चुकीच्या माणसाच्या हाती लागला तर सारखंच दिसणारं दुसरं कार्ड त्याच्या हातात टेकवलं जातं आणि उपचाराचे पैसे संध्याकाळपर्यंत जातात. हॉस्पिटलभोवतीच्या मशीनांवर तरी बँकांनी दिवसभर माणूस ठेवायलाच हवा. कॅमेऱ्याने दुरून लक्ष ठेवणं तिथे पुरत नाही.

यूपीआयने पैसे काढताना या सगळ्यातून सुटका होते. कार्ड काढायचंच नाही, मग त्याची पट्टी वाचली जात नाही, ते फटीत अडकत नाही, त्याची अदलाबदल होत नाही. यूपीआय पिन छतातल्या कॅमेऱ्याने टिपला तरी चोराला नुसता तो पुरत नाही, कारण आपलं यूपीआय आपल्या सिमला आणि आपल्याच मोबाईलला बांधलेलं असतं. मात्र पिन पाहिलेला माणूस बाहेर पडल्यावर मोबाईलच हिसकावू शकतो. म्हणून पिन टाकताना मी मोबाईल अंगाजवळ धरते आणि मोबाईलला वेगळं लॉक ठेवते. यूपीआय पिन आणि लॉक एकच ठेवणारे लोक आहेत, त्यांनी ते आजच बदलावं.

एका गोष्टीची मात्र सक्त काळजी घ्यायला हवी. क्यूआर फक्त मशीनच्या उजळलेल्या पडद्यावरचाच स्कॅन करायचा. मशीनच्या कडेला किंवा काचेवर कागदी क्यूआर चिकटवलेला असेल तर त्याला हात लावू नये. पडद्यावरचा कोड आपण रक्कम टाकल्यावर तयार होतो, थोडा वेळ राहतो आणि जातो. कागदावरचा कोड कुणाच्या तरी खात्याचा असतो, तो स्कॅन करून पिन टाकला तर पैसे त्याला जातील आणि मशीनमधून काहीच येणार नाही.

पैसे बाहेर येतात त्या झडपेचा धोकाही या सेवेने जात नाही. झडपेच्या आत चिकट पट्टी लावून नोटा अडकवतात, आपण वैतागून निघून जातो आणि मागून येऊन कुणी त्या काढून घेतो. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला आणि नोटा आल्या नाहीत, तर जागेवरून हलू नये. झडपेजवळ काही चिकटवलंय का ते बघावं, मशीनचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी, तिथूनच बँकेला फोन करावा. मशीनच्याच बिघाडाने पैसे अडकले असतील तर बँकेने पाच दिवसांत ते आपण होऊन परत करायचे असतात. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. यूपीआयच्या व्यवहारालाही तो लागू आहे. माझे एकदा असे अडकले होते, ते मुदतीच्या आत परत आले.

मशीन कुठलं निवडावं? गोखले रोडवर आणि रानडे रोडवर बँकेच्या शाखेला लागून असलेली मशीनं मला सगळ्यात बरी वाटतात. शाखा उघडी असताना जावं, म्हणजे काही अडलं तर आत जाऊन विचारता येतं. दादर स्टेशनला लागून, फुलबाजाराच्या बाजूला गर्दी एवढी असते की पाठीमागचा माणूस जवळपास खांद्यावरच असतो, तिथे मी पैसे काढत नाही. रस्त्यावरच्या दुकानाच्या गाळ्यात एकटं उभं असलेलं, दरवाजा न लागणारं, आतला दिवा मिणमिणता असलेलं मशीन असेल तर कार्ड घालूच नये. स्कॅनची सोय असली तरी मी असल्या ठिकाणी जात नाही.

कार्डच वापरायची वेळ आली तर काय? फटीचं तोंड ओढून-हलवून पाहा असं सगळीकडे सांगतात. ते करावं, दोन सेकंदांचं काम आहे. सैल लागलं, डिंकाचा थर दिसला, शेजारच्या मशीनपेक्षा रंग वेगळा वाटला तर निघून यावं. पण फटीच्या आत खोल सरकवलेलं यंत्र असं ओढून कळत नाही, म्हणून नुसत्या त्या तपासणीवर मी विसंबत नाही. कीपॅडवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरणं हे त्याहून फार मोलाचं आहे. आडोसा असा हवा की तळहात कीपॅडवर छपरासारखा येईल आणि मनगट वरच्या पट्टीला टेकेल. बोटांची फट ठेवून नुसता हात समोर धरला तर वरून सगळं दिसतं. पट्टी वाचली गेली तरी पिन मिळाला नाही तर त्या कार्डाने एटीएममधून काही निघत नाही.

बाजारात मिळणाऱ्या एका वस्तूबद्दल इथेच लिहिते, कारण दादरच्या दुकानांतून ती ‘कार्ड हॅक होणार नाही’ असं सांगून विकली जाते. आरएफआयडी, म्हणजे कार्ड रेडिओ लहरींनी बाहेरूनच वाचणं, ते अडवणारं पाकीट. माझ्या भाचीने मला भेट दिलं आहे, शिवण चांगली आहे, कप्पे नीट आहेत, पाकीट म्हणून उत्तम. पण त्याचा उपयोग असलाच तर टॅप करून पैसे देणाऱ्या कार्डाला बाहेरून कुणी यंत्र टेकवू नये एवढाच. एटीएममध्ये कार्ड पाकिटाबाहेर काढून फटीत घालावंच लागतं, तिथे पाकीट काय करणार? एटीएमच्या भीतीने ते विकत घेऊ नका.

त्याऐवजी जे फुकट मिळतं ते वापरा. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड चालू-बंद करायची सोय असते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने ती सगळ्या बँकांना द्यावी लागली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ती लागू झाली. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, टॅप आणि परदेशातला वापर, प्रत्येकाला वेगळं बटण आणि वेगळी मर्यादा. मी परदेशातला वापर कायमचा बंद ठेवला आहे. पट्टीच्या नकलेला जिथे वाव आहे तो रस्ता त्यामुळे बंद होतो. एटीएमचं बटणही बंद असतं. क्वचित कार्ड घालावं लागलंच तर रांगेत उभी असताना चालू करते आणि पैसे घेतले की तिथेच बंद करते. बदल लगेच लागू होतो. तक्रार एवढीच की हे बटण सापडायला ॲपमध्ये फार खोल शिरावं लागतं, आणि दर काही महिन्यांनी ॲप बदललं की त्याची जागाही बदलते. एवढी कामाची गोष्ट पहिल्या पानावर असायला हवी.

साधा फोन वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांना यूपीआय रोख सेवेचा काही उपयोग नाही, आणि ही तिची सगळ्यात मोठी उणीव. त्यांनी एटीएमचा आणि परदेशातला वापर बंद-चालू करायला बँकेच्या फोन सेवेची मदत घ्यावी, ॲप नसलेल्यांसाठीही बँकेने मार्ग ठेवायचा असतो. स्टेट बँकेचं खातं असेल तर तिच्याच मशीनवर १०,००० आणि त्यापुढच्या रकमेला मोबाईलवर ओटीपी येतो, सप्टेंबर २०२० पासून ही सोय चोवीस तास आहे. नुसतं कार्ड आणि पिन चोराच्या हाती लागून तिथे भागत नाही. आमच्या मजल्यावरचे काका त्यासाठीच मुद्दाम १०,००० च्या खाली काढत नाहीत. मला त्यांचा हिशेब पटतो.

आता दुसरी मोठी तक्रार. मशीनवर सुरुवातीला मराठी निवडता येते. मी मराठीच निवडते. पण मी जाते त्यातल्या एका मशीनवर यूपीआयचा पर्याय दाबला की पुढचे सगळे पडदे इंग्रजीत येतात, तेही बारीक अक्षरांत. क्यूआर किती वेळ राहणार हे कोपऱ्यात उलट्या मोजणीत दिसतं आणि सत्तरीच्या माणसाला चष्मा बदलून ॲप उघडेपर्यंत तो निघून जातो. मग पुन्हा रक्कम टाकण्यापासून सुरुवात. मैत्रिणीच्या आई याच कारणाने पुन्हा कार्डाकडे वळल्या. त्यांना मी आता सांगितलंय की ॲप आधी उघडून, स्कॅनचा पडदा तयार ठेवूनच रक्कम टाकायची. त्याने जमतंय. त्या बँकेला मी मराठी पडद्यांसाठी आणि वेळ वाढवण्यासाठी लेखी कळवलं आहे, शाखेत पोचही घेतली आहे. अजून बदल झालेला नाही. पुढच्या महिन्यात पगाराचे पैसे काढायला जाईन तेव्हा शाखाधिकाऱ्यांना भेटून पुन्हा विचारणार आहे.